सीतात्याग आणि रुपेरी पडदा

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथील जुन्या मंदिरात सीता एकटी आहे. शेजारी राम नाही. अयोध्येहून टाकून दिलेली गर्भवती सीता येथे आली, लव-कुश येथेच जन्मले, आणि तिने गावात गहू मागितला तेव्हा तो कोणीच दिला नाही, अशी कथा तेथे सांगितली जाते. या शिवारात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, आणि पुष्कळ काळ तो पिकलाही नाही, असे गावकरी सांगत आले आहेत. वाल्मीकींचा आश्रम गंगेच्या परिसरातला. त्याच्याशी रावेरीचा मेळ बसत नाही हे उघड आहे. तरीही, धर्मग्रंथातील कथा पडद्यावर आणताना मुळाशी इमान राखणे म्हणजे काय, हा वारंवार उपस्थित होणारा प्रश्न तपासून पाहण्यास या गावाइतके योग्य ठिकाण विरळाच.

मूळ म्हणजे कोणते, येथूनच अडचणीस प्रारंभ होतो. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात सीतात्याग आहे. तुलसीदासांच्या मानसात तो नाही. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडातच थांबले आणि पुढील भाग शिष्य गावबाने पुरा केला. ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणाने (१९५५-५६) मात्र वनात सोडलेल्या सीतेची व्यथा तिच्याच तोंडून मराठी श्रोत्यांच्या घरोघर पोहोचविली. असा सारा पसारा समोर असता चित्रपटाने अक्षरशः ग्रंथानुसारी असावे ही मागणी भाबडी ठरते. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या होत्या, प्रेक्षकांच्या भक्तिभावात त्याने काही उणे पडले नाही.

कथेत बदल करण्याचा अधिकार कवींनी फार पूर्वीपासून बजावला आहे. त्यांतला सर्वांत धीट विदर्भाचाच. पद्मपूरचा भवभूती. ‘उत्तररामचरिता’त त्याने शेवटच बदलला: वाल्मीकींची सीता धरणीच्या पोटात जाते, भवभूतीची रामाला परत मिळते. तीही कशी? वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा सादर करतात, राम ते प्रेक्षक म्हणून पाहतो आणि स्वतःच्या कृत्याचे परिणाम रंगभूमीवर पाहून मूर्च्छित पडतो. शेवट गोड केला, पण भवभूतीने रामाची सुटका केली नाही. तिसऱ्या अंकात वनदेवता वासंती त्याला तोंडावर जाब विचारते आणि रामापाशी तिला देण्यासारखे उत्तर नसते. कथा बदलली, आरोप कायम राहिला. या कसोटीवर आपले चित्रपट आणि मालिका घासून पाहिल्या पाहिजेत.

विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ (१९४३) या कसोटीस बऱ्याच अंशी उतरतो. तो उत्तरकांडाच्या कथेवर उभा आहे आणि त्यातली सीता अखेरीस भूमीतच जाते. रामानंद सागर यांचे प्रकरण निराळे. त्यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि १९८८ च्या जुलैअखेर राज्याभिषेकानंतर संपली. त्यापुढील कथा दाखवावी यासाठी उत्तर भारतातील अनेक शहरांत सफाई कामगारांनी संप केले. वाल्मीकी ज्यांचे दैवत, त्यांना वाल्मीकींचा आश्रम पडद्यावर हवा होता. उत्तरकथा आली, पण तीत सीता लोकापवाद ऐकून पतीच्या कीर्तीसाठी स्वतःच वनवास मागून घेते. वाल्मीकींच्या सीतेला हा निर्णय ठाऊकही नसतो. आश्रमदर्शनाच्या मिषाने लक्ष्मण तिला रथातून नेतो आणि गंगा ओलांडल्यावर सांगतो. श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसी, कंबन, एकनाथ अशी नावांची रांग दिसे. त्यांपैकी कोणत्या ग्रंथाच्या आधाराने कोणता प्रसंग घेतला, हे मात्र प्रेक्षकाला कळत नसे.

हा तपशिलाचा फरक नव्हे. ‘ती आपणहून निघून गेली’ हे वाक्य परित्यक्तेच्या प्रत्येक प्रकरणात ऐकू येते. पोटगीच्या दाव्यात पतीचा तो ठरलेला बचाव असतो, आणि तो मान्य झाला तर बाईच्या हाती काहीच उरत नाही. सीता आपणहून गेली म्हटले की राजाचा न्याय, प्रजेची कुजबुज आणि कुलगुरूंचे मौन या साऱ्यांचा हिशेब एका फटक्यात मिटतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांना हे नेमके उमगले होते. ज्या काळात मालिका घरोघर पाहिली जात होती, त्याच काळाच्या आगेमागे, १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनापासून ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेपर्यंत, शेतकऱ्याने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा यासाठी त्यांनी खटाटोप केला, आणि पुढे रावेरीच्या सीतामंदिराच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले. रामाची देवळे सोडून टाकलेल्या सीतेचे एकटे देऊळ त्यांनी निवडले, यात योगायोग नव्हता.

रावेरीच्या कथेचा वेगळेपणा आता ध्यानी येईल. तिने भूगोल बदलला, शाप जोडला, ग्रंथाला ठाऊक नसलेला गहू आणला. परंतु सीतेला घालविले गेले ही गोष्ट तिने पुसली नाही. उलट त्या अन्यायात आपल्याच वाडवडिलांचा वाटा घातला. पूर्वजांचा असा दोष सांगणारी गावकथा सहसा आढळत नाही. कोणत्याही निर्मात्याला ती पटकथा म्हणून मानवणार नाही.

‘आदिपुरुष’ १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा हनुमानाच्या तोंडची बाजारू भाषा आणि रावणाचा अवतार यांवरून गदारोळ उठला. संताप अकारण नव्हता. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. सीतात्यागाच्या प्रसंगात झालेल्या फेरफाराविषयी त्या मानाने फारसा गवगवा कधी झाला नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने उत्तरकथा पुन्हा दाखविली, कोट्यवधी घरांतून ती नव्याने पाहिली गेली, आणि त्यातही सीता आपल्याच इच्छेने रथात बसली.