पोशीरचं पाणी आणि वाडीचं मत

नेरळहून आलेला रस्ता कळंबला कर्जत-मुरबाड रस्त्याला मिळतो. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एप्रिल उजाडला की याच वाड्यांतल्या बायका नदीच्या कोरड्या पात्रात डवरे खणून वाटी-वाटीने हंडा भरतात. टँकर आला तर आला. आता याच तालुक्यात पोशीर आणि शिलार अशी दोन मोठी धरणं होणार आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये दोन्हींना मंजुरी दिली. एकट्या पोशीरचा खर्च सहा हजार कोटींच्या पुढे आहे, आणि पाणी प्रामुख्याने मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना जाणार आहे.

शहरांना पाणी लागतं, याबद्दल वाद नाही. बदलापूरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाचा घसाही कोरडा पडतो. प्रश्न आहे तो एवढाच, की ज्यांची भातखाचरं, घरं आणि रान पाण्याखाली जाणार आहे, त्यांचं मत कधी विचारायचं? सगळं ठरण्याआधी, की नकाशे आखून, निविदा काढून झाल्यावर? कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात हे मत नेहमी शेवटी विचारलं गेलं, आणि त्याची किंमत काय असते हे या पट्ट्याने पाहिलेलं आहे.

खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. त्याच्या जलाशयावर इर्शाळगड उभा आहे आणि गडाच्या उतारावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. धरण झालं, जलवाहिनी शहरापर्यंत गेली, शहर वाढलं. वाडीला मात्र शेवटपर्यंत पायवाटच होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं गेलं तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं. रस्ता नसल्यामुळे मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. जवानांसोबत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिर्यारोहण संस्थांची पोरं अंधारात, चिखलात गड चढून हातांनी माती उपसत होती. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने घरं बांधली. पायथ्याशी सुरक्षित जागा, पक्की घरं, रस्ता, पाणी – दरड कोसळल्यावर हे सगळं देता आलं, म्हणजे आधीही देता आलं असतं. वाडीतल्या माणसांना कुणी बसून विचारलंच नव्हतं, की तुम्हाला इथे राहायचं आहे की खाली यायचं आहे, आणि यायचं तर कोणत्या अटींवर.

ज्यांनी वेळीच प्रश्न विचारले, त्यांची उदाहरणंही इथलीच आहेत. उल्हास नदीवरचं कोंढाणे धरण आठवावं. बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोंढाण्यात २०११ मध्ये धरणाचं कंत्राट दिलं गेलं आणि बघता बघता प्रकल्पाचा खर्च कित्येक पटींनी फुगला. वनजमिनीची मंजुरी नसताना कामाची घाई झाली होती. अंजली दमानिया यांनी माहितीच्या अधिकारात कागद बाहेर काढले, काम थांबलं, पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा दाखल केला आणि राज्याच्या सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत कोंढाण्याचं नाव पुढे आलं. यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कर्जतच्या शेतकऱ्याला पाणी मिळेल असं सांगून सुरू झालेला हा प्रकल्प नंतर नवी मुंबई परिसराच्या पाण्यासाठी सिडकोकडे गेला. लाभक्षेत्र बदललं, बुडणारं गाव मात्र तेच राहिलं.

कळंबवरून मुरबाडकडे गेलं की काळू धरणाची गोष्ट लागते. तिथे श्रमिक मुक्ती संघटनेच्या इंदवी तुळपुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव गोळा केले आणि ते घेऊन उच्च न्यायालय गाठलं. वनविभागाची मंजुरी नसताना सुरू झालेल्या कामाला न्यायालयाने २०१२ मध्ये स्थगिती दिली. या लढ्यात आंदोलनाइतकीच मोलाची ठरली ती कागदांची शिस्त. कोणत्या तारखेची ग्रामसभा, किती जण हजर, ठरावात शब्द काय: पर्यावरणाची लढाई सह्याद्रीत बहुतेक वेळा अशा रजिस्टरांमध्ये लढली जाते, आणि त्यात नाव कमावणारे फार थोडे असतात.

ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचा आधार कुठे मिळतो आणि कुठे नाही, हे कळण्यासाठी आता नकाशाकडे बघायला हवं. महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातली काही गावं त्यात आहेत. वर भीमाशंकरच्या पठारावर, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातली आदिवासी गावंही त्यात आहेत. मधे, त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेला कर्जत नाही. अख्खा रायगड जिल्हाच त्यात नाही. पेसा कायदा १९९६ चा. त्यात अनुसूचित क्षेत्रातली जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. म्हणजे तोच ठाकर, तीच बोली, तेच रान, पण जिल्ह्याची हद्द ओलांडून खाली आला की त्याच्या ग्रामसभेला तो आधार उरत नाही. कातकरी ही तर केंद्र सरकारने अतिअसुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक, आणि त्यांची मोठी वस्ती रायगडमध्ये आहे. ही चूक चाळीस वर्षं जुनी आहे. ती दुरुस्त करण्याचा आग्रह कर्जत-खालापूरच्या प्रत्येक आमदार-खासदाराने धरायला हवा.

पेसा नाही म्हणून हात बांधलेले आहेत असंही नाही. २००६ चा वनहक्क कायदा देशभर लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला आपलं जंगल, पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार दिला आहे. याच कायद्याच्या बळावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पण दावा दाखल केल्याशिवाय हा कायदा मदतीला येत नाही. सामूहिक वनहक्काचा दावा तयार करणं म्हणजे म्हाताऱ्या माणसांकडून सीमा समजून घेणं, देवराई, पाणवठे, गुरचरण नकाशावर आणणं, पुरावे जोडणं आणि मग उपविभागीय कार्यालयाच्या फेऱ्या मारणं. कर्जतमध्ये दिशा केंद्रासारख्या संस्थांचे कार्यकर्ते वाड्या-वाड्यांवर आदिवासींच्या हक्कांचं काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांची बातमी होत नाही. धरणाच्या मंजुरीची होते.

जिल्ह्यात मत मागण्याचा एक मोठा दाखलाही आहे. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांची जमीन महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) घ्यायची ठरली, तेव्हा शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला तिथे जनमत घ्यावं लागलं. माणसं रांगा लावून आली. सेझ अखेर झालं नाही. त्या दिवशी आभाळ कोसळलं नाही, विकास थांबला नाही, रायगडमध्ये उद्योग यायचे राहिले नाहीत. पेणच्या शेतकऱ्याला जे विचारता आलं, ते पोशीर नदीकाठच्या ठाकराला का विचारू नये?

विरोधासाठी विरोध हा आरोप अशा वेळी लगेच होतो. म्हणून कर्जतच्याच राजनाला कालव्याचं उदाहरण सांगायला हवं. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. भिवपुरीत वीज तयार होऊन बाहेर पडणारं पाणी राजनाल्याने शेतात जातं आणि त्यावर कर्जतच्या कित्येक गावांत उन्हाळी भात पिकतो. मुंबईला वीज आणि कर्जतला भात, दोन्ही एकाच पाण्यावर. स्थानिक वाटा धरला तर तो मिळतो, आणि टिकतोही. इथल्या शेतकऱ्यांचे प्रयोगही पाहावेत. नेरळजवळच्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी, चिखलणी आणि लावणीशिवाय गादीवाफ्यावर भात घेण्याचं सगुणा तंत्र विकसित केलं. मुळं जमिनीतच कुजू दिली की गांडुळं वाढतात, मातीचा कर्ब वाढतो, चिखलणीत वाहून जाणारी माती वाचते. या मातीतले शेतकरी प्रयोग करतात, संघटित होतात. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सावकारीतून सुटण्यासाठी याच भागात धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. या लोकांना पाण्याच्या नियोजनातलं काही कळत नाही असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

तेव्हा पोशीर आणि शिलारचं पुढचं पाऊल टाकण्याआधी सरकारने चार गोष्टी कराव्यात. बुडीत क्षेत्रातले वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्काचे सगळे दावे आधी निकाली काढावेत. प्रकल्प अहवाल मराठीत, वाडीवर, वाचून दाखवावा. पावसाळ्यात अर्धं गाव लावणीला आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीला गेलेली असतात. ग्रामसभा घ्यायची तर ही दोन्ही टाळून, सगळे घरी असताना घ्यावी. आणि धरणातल्या पाण्यावर पहिला, लेखी, मोजून दिलेला हक्क कर्जतच्या टंचाईग्रस्त वाड्यांचा असावा.

नवी मुंबई, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकांनाही एक विनंती आहे. हे पाणी तुमच्या नळाला येणार आहे. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला दोन प्रश्न विचारा: आपलं शहर सांडपाणी शुद्ध करून त्यातलं किती परत वापरतं, आणि पोशीरच्या ग्रामसभांनी काय ठराव केला आहे?