गोल्फ जीटीआय, ऑक्टेव्हिया आरएस आणि एक्झॉस्टचा मोह: नेमकं काय बदलायचं, काय नाही?

२०२५ मध्ये आपल्याकडच्या गाडीवेड्यांची चंगळ झाली. मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस. दोन्हींत २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ पीएस, किंमत पन्नास लाखांच्या आगेमागे. ऑक्टेव्हियाच्या तर सगळ्या मिळून १०० गाड्या. आता अशी गाडी घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला: पळते भारी, पण आवाज कुठंय?

त्याच वेळी पुणे-मुंबईत जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिस रोडरोलर फिरवतायत, ते व्हिडिओही आपण बघतोय. त्यात बहुतेक सायलेन्सर बुलेटचे असतात हे खरं, पण कायदा चाकं मोजत नाही. म्हणून दोन-तीन लाख घालण्याआधी हे पाइपचं गणित समजून घेऊ.

टर्बो गाडीत इंजिनातून निघालेला धूर आधी टर्बोची चक्री फिरवतो. तिथून डाउनपाइपमध्ये येतो आणि तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे ‘कॅट’ बसवलेला असतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियममुळे विषारी वायूंचं रूपांतर होतं. पुढे रेझोनेटर, मग मफलर, मग मागची नळी. ‘कॅट-बॅक’ म्हणजे कॅटच्या मागचं सगळं बदलणं. ‘डाउनपाइप’ म्हणजे थेट कॅटलाच हात घालणं.

गंमत इथेच आहे. टर्बोनंतर धुराला जेवढी मोकळी वाट मिळेल तेवढं चांगलं, आणि सगळ्यात मोठा अडथळा असतो कॅटचा. त्यामुळे खरी ताकद डाउनपाइपमध्ये आणि सोबतच्या ईसीयू ट्यूनमध्ये आहे. नुसत्या कॅट-बॅकने २६५ पीएसच्या गाडीत फार तर पाच-सात पीएस वाढतील. चालवताना ते कळणारसुद्धा नाहीत. थोडक्यात, कॅट-बॅक घेताना तुम्ही पैसे आवाजाचे मोजता. त्यात वाईट काही नाही, फक्त गॅरेजवाला ‘पॉवर वाढेल सर’ म्हणाला तर मान डोलवू नका. (‘थोडं बॅकप्रेशर लागतंच’ हेही असंच एक पालुपद. टर्बो नसलेल्या इंजिनात फार जाड पाइप घातला तर धुराचा वेग मंदावतो आणि खालचा टॉर्क जातो, त्यातून हा समज आला. दोष पाइपच्या मापाचा, नाव बॅकप्रेशरचं.)

मग डाउनपाइपच का नको? कारण कॅटच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. कॅट काम करत नाही हे मागच्या सेन्सरला कळतं आणि चेक-इंजिनचा दिवा लागतो. बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, ही पाळत आणखी कडक झाली आहे. गॅरेजवाले सॉफ्टवेअरने दिवा बंद करून देतात, पण धूर तोच राहतो, आणि इंजिनाच्या वॉरंटीचा क्लेम कंपनीने नाकारला तर भांडायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलांशी फारकत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाचं कलम १९०(२) वेगळं: पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्स तीन महिने बाद.

‘पण माझी पीयूसी पास आहे की!’ असेल. पीयूसीत धूर मोजतात, आवाज नाही. प्रवासी कारची आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे आणि ती कंपनीच्या मंजुरी चाचणीत, साडेसात मीटरवरून, गाडी वेग घेत असताना मोजतात. बटणाने उघडझाप होणारा व्हॉल्व्ह लावलात तरी झडप बंद होती ही सबब धरून चालू नका.

युरोपातल्या नामांकित एक्झॉस्टवर गोलातल्या ‘ई’ आणि आकड्याचा शिक्का असतो. ज्या १९५८ च्या करारातून तो येतो त्यात भारत नाही, त्यामुळे आपल्या आरटीओसमोर त्याला आपोआप मान्यता मिळत नाही. तरीही घ्यायचंच असेल तर शिक्क्याचंच घ्या, कारण निदान कुणीतरी तो आवाज मोजलेला असतो.

आणि रेझोनेटर काढू नका. हे सगळ्यात दुर्लक्षित राहतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. २१०० आरपीएमला सेकंदाला ७०. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगात नेमका असाच खर्जातला घुमारा केबिनमध्ये भरतो, त्याला ‘ड्रोन’ म्हणतात. यूट्यूबवरच्या क्लिपमध्ये तो ऐकू येत नाही, मागे बसलेल्या आईला लोणावळ्यापर्यंत डोकेदुखी होते. उपाय म्हणजे बंद तोंडाची मीटर-दीड मीटरची फांदी, पण गाडीखाली तेवढी जागा असतेच असं नाही.

माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचाच एक्झॉस्ट राहू द्या आणि ते पैसे टायर-ब्रेकवर घाला. डाउनपाइपची हौस कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकसाठी ठेवा, तीसुद्धा गाडी ट्रेलरवरून नेणार असाल तर. त्याउपर कॅट-बॅक लावलाच, तर कापून वेल्डिंग करू देऊ नका. मूळ जोडांवर बोल्टने बसणारा ३०४ ग्रेड स्टेनलेसचा घ्या (मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही), विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ सायलेन्सर भंगारात न देता माळ्यावर नीट गुंडाळून ठेवा. गाडी विकताना पहिला प्रश्न त्याचाच येतो.