कमळातला भुंगा

मानेवर उमटलेली लालजांभळी खूण, जिला आज सर्रास ‘लव्ह बाइट’ किंवा ‘हिकी’ म्हटले जाते, ती लपवावी कशी, हा प्रश्न साहित्यचर्चेत अस्थानी आहे असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या काव्यशास्त्राने या लपवण्याचा फार बारकाईने विचार केला आहे.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त एक प्राकृत गाथा उदाहरणादाखल घेतली. नायिकेच्या ओठावर व्रण आहे, तो जाराच्या दातांचा. आणि पती संतापलेला आहे. अशा वेळी तिची सखी पतीला ऐकू जाईल अशा बेताने तिलाच रागे भरते, की बजावले असतानाही तू भुंगा असलेले कमळ हुंगलेस. व्रणाला निरुपद्रवी कारण मिळते आणि प्रसंग टळतो. हे एकच बोलणे पती, शेजारी, सवत अशा निरनिराळ्या श्रोत्यांना निरनिराळे काय सुचवते, ते अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत उलगडून दाखवले आहे.

आज सखीच्या जागी घरगुती उपायांच्या याद्या आल्या आहेत. गार चमचा ठेवा, टूथपेस्ट लावा, नाण्याने घासा. वस्तुतः ही खूण म्हणजे त्वचेखालील केशवाहिन्या फुटून साकळलेले रक्त. आरंभी गार शेक दिल्यास सूज थोडी आवरते. घासल्याने मात्र इजा वाढण्याचाच संभव अधिक. लाल, जांभळी, हिरवट, पिवळसर असे रंग पालटत ती साधारणतः एकदोन आठवड्यांत आपोआप विरते. तोवर ओढणी, बंद गळ्याचा सदरा किंवा कन्सीलर, एवढेच काय ते हाती उरते.

परंतु लपवायचे कोणी, हा आमच्या मते खरा प्रश्न आहे. तीच खूण मुलाच्या मानेवर असेल तर मित्रांत थट्टामस्करी होऊन विषय संपतो. मुलीच्या मानेवर असेल तर ऐन उन्हाळ्यात तिच्या गळ्याभोवती स्कार्फ येतो आणि घरात चौकशी बसते. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त दंतक्षतांचे आठ प्रकार सांगितले, त्याच प्रकरणात असेही म्हटले, की नको म्हणत असतानाही पुरुषाने क्षत केले, तर ते सहन न करता स्त्रीने त्याची दुपटीने परतफेड करावी. तो सगळा प्रणयक्रीडेचाच भाग खरा. पण तिथे खूण दोघांच्याही अंगावर उमटते. आम्ही मात्र खूण दोघांची आणि लाज एकटीची, अशी वाटणी करून ठेवली आहे.

म्हणून घरातल्या, वसतिगृहातल्या, कचेरीतल्या थोरांना आमचे सांगणे इतकेच, की पती होऊन व्रण तपासण्यापेक्षा सखी व्हावे. दिसले तरी न दिसल्यासारखे करावे. मात्र जवळच्या मैत्रिणीने एकांतात एकदा अवश्य विचारावे: हे तुला हवे होते ना? होकार आला तर भुंग्याची सबब आहेच. नकार आला, तर त्या दिवशी भुंग्याची गोष्ट रचू नये; तिच्या शेजारी बसून काय घडले ते ऐकावे, आणि तिची इच्छा असेल तर दाद मागायला तिच्यासोबत जावे.