माळव्यातला हिवाळा आणि पाण्याचा हिशेब

मार्गशीर्ष लागला की आपल्या महाविद्यालयात हुरड्याच्या बेतांना ऊत येतो. खेड्यातला हिवाळा म्हणजे फुकटचा आनंद, अशी आपणा विद्यार्थ्यांची समजूत असते. माझी मावशी देवासला राहते व तिच्या दिरांची शेती धारजवळ आहे. तिथले तीन-चार हिवाळे पाहिल्यापासून मला ही समजूत पटेनाशी झाली आहे.

आनंद खराच आहे. माळवा म्हणजे सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीचे काळ्या मातीचे पठार. रात्री हुडहुडी भरते, दुपारचे ऊन मात्र अंगावर घ्यावेसे वाटते. मावशीच्या परसात मेथी, पालक, मुळा, वाटाणा आणि वाफ्यांच्या कडेने झेंडू. आपल्याकडे ज्वारीचा हुरडा. तिकडे हरभऱ्याचा होळा नि गव्हाच्या ओंब्या भाजतात. बाजारात तळलेला गराडू मिळतो, तर मांडूच्या वाटेवर गोरखचिंचेची फळे विकायला ठेवलेली असतात. होळ्याने काळी झालेली बोटे पुसत बांधावर नुसते बसून राहावे. गप्पांचीसुद्धा गरज भासत नाही. (ट्रान्झिस्टरची तर नाहीच नाही!)

पण त्याच बांधालगत पाट वाहतो. हरभरा जमिनीतल्या ओलीवर निभावतो, पूर्वीचा कठिया गहूही निभावत असे. नव्या गव्हाला चार-पाच पाणी हवे. त्यापायी कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि १९९० साली देवास शहराला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या गावी परसातली मेथी हे हिवाळ्याचे भूषण, तिथे प्यायला पाणी नाही!

२००६ नंतर देवास जिल्ह्यात हजारो शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत तळी खोदली. त्यांना 'रेवासागर' म्हणतात. ऐकायला हे सोपे वाटते, पण पिकती जमीन पाण्याखाली घालायला छाती लागते. ते पाहून धारच्या काकांनीही एक एकर तळ्याला दिली, तेव्हा घरात मोठे भांडण झाले आणि थोरला मुलगा दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. आता त्याच तळ्यावर गहू उभा राहतो व हिवाळ्यात बगळे उतरतात. मुलगा अजून म्हणतो, "एकर गेलीच ना?" त्याचेही अगदी खोटे नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना, १९४८ मध्ये, कोरड्या हवेसाठी देवासला गेले. गाणे बंद झाले होते. कानांवर मालवी लोकगीते पडत होती. पुढे त्यांनी 'गीत हेमंत' केले, तसे 'गीत वर्षा'ही केले. आपण मात्र हेमंत तेवढा उचलतो.

म्हणून माझी सूचना अशी : यंदा राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मे महिन्यात, एखाद्या तळ्यातला गाळ उपसायला न्यावे. ऊन फार असते, हे मान्य. हुरड्याला त्याच गावी डिसेंबरात जाऊ, आणि तेव्हा तळ्यात पाणी किती उरले तेही पाहून येऊ.