जुन्या बाजारांतील नांवाचा तांब्या

जुन्या वस्तूंचा नाद सभ्य गृहस्थाला शोभतो किंवा नाहीं, याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. एका पक्षांत मी एकटा. दुसऱ्यांत बाकीचें सर्व कुटुंब. पुण्याच्या मंगळवार पेठेंत, कुंभारवेशीच्या बाजूस, बुधवारीं व रविवारीं जो जुना बाजार भरतो, तेथून मी परत येतों तेव्हां पिशवींतून काय निघतें हें पाहण्यास मुलें उत्सुक असतात, आणि तें ठेवावयाचें कोठें या विचारानें मोठी मंडळी गंभीर झालेली असते. सदनिकेच्या तीन खोल्यांत वाड्याचें सामान मावत नाहीं, हें त्यांचें म्हणणें मला मान्य आहे. परंतु मी तेथें जातों तो घर भरण्यासाठीं नव्हे. एक विशिष्ट वस्तु मला शोधावयाची आहे; तिची हकीकत पुढें येईलच.

हा बाजार ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं एकदां अवश्य पाहावा. गोणपाटांवर मांडलेले पाने, पकडी, कुलपांवांचून किल्ल्या आणि किल्ल्यांवांचून कुलुपें, घड्याळांचे सांगाडे, कंदिलांच्या काचा, अडकित्ते, चंच्या, समया; आणि या सर्वांच्या मधोमध एखादी फोटोची चौकट, जिच्यांतून पगडी घातलेले कोणाचे तरी आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याकडे करारी मुद्रेनें पाहत असतात. चौकट विकत घेणारा तो फोटो काढून तेथेंच टाकतो. पहिल्यांदां हें पाहिलें त्या दिवशीं मी कांहीं न घेतांच परतलों.

नवशिक्या गिऱ्हाइकास फसविण्याच्या युक्त्या येथें पुष्कळ आहेत. रामपंचायतन एका बाजूस आणि ईस्ट इंडिया कंपनीचें नांव व १८१८ साल दुसऱ्या बाजूस, असें तांब्याचें नाणें कोणी गुपित सांगितल्यासारखें पुढें केलें, तर हसून पुढें जावें. कंपनी सरकारनें असें नाणें कधींच पाडलें नाहीं. तीं केवळ मागाहून केलेलीं बिल्लेवजा टिकळीं होत. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ साल दिसलें म्हणून हुरळून जाण्याचेंही कारण नाहीं, कारण सन १८७४ पर्यंत टांकसाळींतून तेंच साल छापलेले रुपये निघत होते. मात्र तो रुपया खरा असेल तर त्याचें वजन ११.६६ ग्रॅम भरावें. झीज धरून थोडें कमी चालेल, फार कमी चालणार नाहीं. चकचकीत पितळी कर्ण्याचीं ग्रामोफोनें बहुधा नवींच असतात, मग खालच्या पेटीवर कुत्र्याचें चित्र कितीही जुनें दिसो.

रविवर्म्याच्या चित्रांचें थोडें निराळें आहे. त्यांचा छापखाना सन १८९४ मध्यें मुंबईस निघाला व पुढें मळवलीजवळ गेला. तेथील शिळाछाप चित्रें एके काळीं घरोघर होतीं, आणि कित्येक सुनांनीं त्यांतील लक्ष्मी-सरस्वतींच्या लुगड्यांवर जर व टिकल्या शिवून दुपारच्या वेळीं आपली हौस भागविली होती. असें चित्र मिळालें तर भिंग लावून पाहावें. दगडावरच्या छापाचे ठिपके वेडेवांकडे, लहानमोठे दिसतात. अलीकडच्या नकलेंत ते जाळीसारखे एका ओळींत बसलेले असतात. भिंग खिशांत ठेवण्याची लाज वाटूं देऊं नये. दुकानदारही मग अदबीनें बोलतो.

आतां भांड्यांविषयीं, कारण माझें काम त्यांच्याशीं आहे. जुनेपणा भांड्याच्या काळेपणावर ओळखूं नये. आम्लाच्या पुटानें वाटेल तें भांडें चार दिवसांत काळें करतां येतें. हात जेथें पडावयाचा तेथेंच झिजलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. कांठाचा एकच भाग गुळगुळीत झालेला असतो. बुडाची कड एका अंगास अधिक घासलेली असते. तांबटाच्या हातोडीचे ठोके, ज्याला पुण्यांतील तांबट मठार म्हणतात, ते आंतून बोटांना लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नांव. आपल्या घरांत भांडें आलें कीं कासाराकडून त्यावर ठिपक्याठिपक्यांनीं नांव घालून घेण्याची रीत होती. पन्नास वर्षें चिंच आणि राख लागलेलीं अक्षरें बुजत आलेलीं असतात. कालपरवां कोरलेल्या अक्षरांच्या कडा नखाला बोंचतात.

व्यापाऱ्यांच्या लेखीं मात्र हें नांव म्हणजे खोट. उपाहारगृहें सजविण्यासाठीं घंगाळें आणि बंब नेणारे लोक नांव घासून द्या म्हणतात. वस्तुसंग्रह करणाऱ्यांचेंही मन नक्षीकडे ओढ घेतें, आणि त्यांत गैर नाहीं. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या असल्या घरगुती वस्तु जमविल्या, आणि दिवंगत मुलाच्या नांवानें उभारलेलें तें संग्रहालय सन १९७५ मध्यें सरकारच्या स्वाधीन केलें. ज्या काळीं लोक असलें सामान अडगळ म्हणून काढून टाकीत होते, त्या काळीं त्यांना त्यांत कला दिसली. परंतु नक्षी नसलेली, पोचे आलेली, नुसत्या नांवाची कळशी कोणता संग्राहक घेईल? ती ज्याची त्यानेंच सांभाळावयाची असते.

आणि तीच मीं सांभाळली नाहीं. सन १९९४ मध्यें आमचा वाडा पाडावयाचा ठरला. सामानाची निरवानिरव माझ्याकडे होती. तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालावयाचीं, हेंही मींच ठरविलें. मोडवाला ओसरीवर कांटा टांगून बसला होता. हंडे, परातीं, तपेलीं एकामागून एक चढत होतीं. आमच्या काकू स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. एक कळशी त्यांनीं बाजूला ठेवली होती. ती घाईंत कोणीं तरी ढिगांत सरकविली. कडी लोखंडी म्हणून मोडवाल्यानें शंभर ग्रॅम वजा धरले, मीं त्याच्याशीं त्या शंभर ग्रॅमांवरून वाद घातला, आणि तो वाद मीं जिंकला. काकू त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. दोनतीन वर्षांनीं कशावरून तरी विषय निघाला तेव्हां समजलें कीं ती कळशी त्यांच्या वडिलांनीं लग्नांत दिली होती, आणि तिच्यावर त्यांचें माहेरचें नांव होतें. लग्नांत ताटांतील तांदुळांवर नवें नांव लिहिलें गेलें, आणि पुढें घरांत, शिधापत्रिकेवर, बँकेंत सर्वत्र तेंच चाललें. जुनें नांव त्या एका कळशीवर तेवढें उरलें होतें.

तीस वर्षांनीं ती सांपडण्याचा संभव किती, हें मला कळतें. बहुतेक ती वितळून तिचे नळ झाले असतील. तरी रविवार आला कीं पाय तिकडे वळतात.

गेल्या रविवारीं एका गोणपाटावर पितळेचा ओतीव तांब्या दिसला. "घ्या साहेब, अस्सल पेशवाई आहे," विक्रेता म्हणाला. गळ्याशीं अक्षरें होतीं: एका मुलाचें नांव, त्याची मुंज, कोणा मामांकडून, शके १८५२. शकांत ७८ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. १९३० साल झालें. पेशवाई बुडून तेव्हां ११२ वर्षें लोटलीं होतीं. नऊशें रुपये सांगितले, साडेसहाशांत दिला. नांव येथें देत नाहीं. त्या घरचें कोणी हें पान वाचीत असेल, तर त्यांना बाजारपेठेंतील कथा कशाला? (जातां जातां एक सांगून ठेवतों. शंभर वर्षांवरील वस्तु सन १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरते, व खासगी माणसास ती देशाबाहेर नेतां येत नाहीं. परदेशस्थ भाच्यापुतण्यांच्या पेटींत आजीची समई घालणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.)

घरीं आल्यावर तांब्या काकूंपुढें ठेवला. त्या आतां नव्वदीच्या आहेत, दिसतें कमी. त्यांनीं आंगठा अक्षरांवरून फिरवला.

"हें कासाराचं अक्षर नव्हे," त्या म्हणाल्या. "घरींच कुणीतरी खिळ्यानं ठोकलंय. मामांनींच असेल. शके काय आहे?"

मीं सांगितलें.

"आठव्या वर्षीं मुंज धरली, तर माझ्याहून बारातेरा वर्षांनीं मोठा." थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. "चिंचेनं घास, पण अक्षरांवर नको. आणि माळ्यावर टाकूं नकोस. माझ्या पाण्याला होईल."

तांब्या त्यांच्या उशाशीं ठेवून मी निघालों, तेव्हां त्यांनींच हांक मारली.

"तूं शोधतोस म्हणे माझी कळशी. मग खूण नको का विचारायला? डाव्या अंगाला पोचा आहे, आडावर पडली होती. आणि नांवातलं शेवटचं अक्षर ओळींत मावलं नाहीं, तें खालीं उतरलंय."

इतक्या वर्षांत ही खूण मीं त्यांना कधीं विचारलीच नव्हती. टिपणवही काढून मीं ती लिहून घेतली, पोचा कोणत्या अंगाला तें पुन्हां एकदां विचारून.