दुखण्याची नवी गोळी आली. पाथर्डीच्या कंबरेला तिचा उपयोग किती?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी ‘सुझेट्रिजीन’ या वेदनाशामक गोळीला मान्यता दिली. दुखणं कमी करते आणि तिचं व्यसन लागत नाही, म्हणून तिचं कौतुक झालं. ते रास्तच आहे. पण दरवर्षी दिवाळीच्या आसपास पाथर्डी तालुक्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना तिचा उपयोग होईल का? इतक्यात तरी नाही. आणि तिची वाट बघत बसायचं कारणही नाही.

ही गोळी करते काय?

दुखापत झाली की नसांमधून विजेचा संदेश मेंदूकडे जातो. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन ही औषधं मेंदूवर परिणाम करतात. दुखणं थांबतं, पण तिथेच चटकही लागते. सुझेट्रिजीन वेदना वाहणाऱ्या नसांवरचं ‘एनएव्ही १.८’ हे सोडियमचं दार बंद करते. थोडक्यात, सिग्नल वायरमध्येच अडवायचा. (इंजिनिअरला हे आवडणारच.)

पण मान्यता आहे ती थोड्या काळाच्या, तीव्र दुखण्यासाठी. जुन्या सायटिकावरच्या चाचणीचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यात खरी गोळी घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे, दोघांचंही दुखणं दहापैकी साधारण दोन अंकांनीच उतरलं. २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा अमेरिकेतली किंमत एका गोळीला साडेपंधरा डॉलर होती.

फडातलं गणित

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे पैसे कापले. दिवसभर वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणं. कंबर धरली तर विश्रांती परवडत नाही, मेडिकलमधली गोळी परवडते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची नशा होत नाही, म्हणून त्या निर्धोक वाटतात. तसं अजिबात नाही. रोज घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीला इजा होऊ शकते. अंगात पाणी कमी असेल तर धोका आणखी वाढतो. फडावर आडोसा नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, हे त्यात धरा. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे. तरी चिठ्ठीशिवाय कुणी ‘भारी गोळी’ देऊ केली, तर नको म्हणा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात दुखणं समजावून सांगणं आणि व्यायाम यांवर भर आहे. ओपिऑइड औषधं सरसकट देऊ नयेत, असं म्हटलं आहे. आपल्याकडे घरोघरी असतो तो कंबरेचा पट्टाही नको, असंही.

म्हणजे सवय न लावणारा उपचार आजही आहे. अडचण एवढीच की त्याला वेळ लागतो, आणि मजुराचा वेळ मुकादमाने आधीच विकत घेतलेला असतो. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याने हंगामात कारखान्यांच्या तळांवर फिजिओथेरपिस्ट पाठवावेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पुढच्या करारात दराबरोबर आणखी एक ओळ मागायला हवी: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीचा खाडा धरायचा नाही.