श्रीलंकेतील दुही मिटते आहे का? बौद्ध म्हणून आपण विचारायचे प्रश्न

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी श्रीलंकेत संसदेची निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांच्या नॅशनल पीपल्स पॉवर (एनपीपी) आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. पण सर्वांचे लक्ष वेधून घेतले ते जाफना जिल्ह्याने. तमिळ राजकारणाचा बालेकिल्ला असलेल्या या जिल्ह्यात सहापैकी तीन जागा एनपीपीला मिळाल्या. दक्षिणेतल्या, सिंहली नेतृत्वाच्या आघाडीने जाफन्यात पहिला क्रमांक मिळवावा, असे कित्येक दशकांत घडले नव्हते.

ज्या देशात १९८३ ते २००९ अशी २६ वर्षे यादवी चालली, तिथे हे घडले. मग राजकीय ध्रुवीकरणावर मात करता येते, असे म्हणायचे का? हा प्रश्न आम्हाला दूरचा वाटत नाही. आपल्या विहारांत, धम्म परिषदांत श्रीलंकेचा उल्लेख आदराने होतो. १९५० साली बाबासाहेब कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आणि त्या देशातली दुही तर बुद्धाचेच नाव घेऊन वाढवली गेली.

दुही आपोआप वाढली नाही

सिंहली आणि तमिळ यांचे वैर हजारो वर्षांचे आहे, असे सांगितले जाते. इतिहास तपासला तर कायदे आणि निवडणुका दिसतात.

१९४८ साली स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतले लाखो तमिळ मजूर देशहीन झाले. इंग्रजांनी तमिळ मुलखातून नेलेल्या मजुरांची ही लेकरे. त्यांतले पुष्कळ जण दलित जातींतले होते, हे आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. सर्वात तळाच्या माणसाचे मत आधी काढून घेतले गेले. बाकीचे नंतर आले.

१९५६ साल आपण कधी विसरत नाही. त्याच वर्षी श्रीलंकेत बुद्धजयंतीची २५०० वर्षे साजरी होत होती. त्या उत्साहावर स्वार होऊन एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके सत्तेवर आले आणि सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. एकाच वर्षी, एकाच तथागताच्या नावाने, इकडे तळाच्या माणसाला माणूसपण मिळाले आणि तिकडे अल्पसंख्याकाला सरकारी नोकरीच्या दारातून मागे ढकलले गेले. बहुसंख्य सत्तेच्या हातात धम्म गेला की त्याचे काय होते, हे समजायला ही तुलना पुरेशी आहे.

बंडारनायके यांना पुढे चूक उमगली असावी. १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. लगेच विरोधी पक्ष यूएनपीने त्याविरुद्ध कँडीच्या दिशेने पदयात्रा काढली. १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर धरणे धरून बसले आणि करार फाडला गेला. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच बंडारनायके यांची गोळ्या घालून हत्या केली. १९६५ मध्ये यूएनपीने सत्तेत येण्यासाठी चेल्वनायकम यांच्याशी तसाच करार केला, तेव्हा विरोध करायला बंडारनायके यांचा पक्ष पुढे होता. सत्तेत असताना तडजोड आणि विरोधात असताना आग लावणे, हाच दोन्ही मोठ्या पक्षांचा धंदा झाला. कोण जास्त कडवा सिंहली, याची बोली लागली. ध्रुवीकरण म्हणतात ते हेच.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९७२ च्या राज्यघटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान, १९८१ मध्ये जाफन्याच्या ग्रंथालयाची होळी, १९८३ च्या जुलैत तमिळांचे हत्याकांड. दुसऱ्या बाजूला लिट्टेनेही निरपराधांना सोडले नाही. १९८५ मध्ये अनुराधपूरच्या महाबोधी परिसरात उपासकांची कत्तल झाली, १९९० मध्ये उत्तरेतील सगळ्या मुस्लिमांना हुसकावून लावले गेले, १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातू विहारावर बॉम्बहल्ला झाला. बंदुकीने दुही मिटत नाही, हे दोन्ही बाजूंनी रक्त सांडून सिद्ध केले.

शत्रू बदलला, सूत्र तेच

२००९ मध्ये युद्ध संपले. मग शांतता यायला हवी होती. पण ज्या राजकारणाला शत्रू लागतो, ते नवा शत्रू शोधते. २०१४ मध्ये अलुथगामा आणि २०१८ मध्ये कँडी जिल्ह्यात मुस्लिमांची घरे-दुकाने जळाली. चिथावणी देणाऱ्यांत चीवरधारीही होते. २०१९ च्या ईस्टर रविवारी अतिरेक्यांनी चर्च आणि हॉटेलांत अडीचशेहून अधिक जीव घेतले आणि त्या भीतीच्या लाटेवर गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले. कोरोनाकाळात त्यांच्या सरकारने मुस्लिमांच्या मृतदेहांना सक्तीने अग्नी दिला. शास्त्रीय आधार नव्हता, तरी महिनोन्महिने हे चालले. २०२४ मध्ये पुढच्या सरकारला त्याबद्दल माफी मागावी लागली.

भुकेने काय शिकवले

२०२२ मध्ये देश कर्जबाजारी झाला. पेट्रोल, गॅस, औषधे, दूधपावडर काहीच मिळेना. रांगेत उभा असलेला सिंहली, तमिळ, मुस्लिम एकच प्रश्न विचारू लागला : आमचे पैसे गेले कुठे? 'देश वाचवणारा' म्हणून ज्याला डोक्यावर घेतले, त्याच्याच घरासमोर लोक जमले. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर ९ एप्रिलपासून तळ पडला. तिथे रमजानचा रोजा एकत्र सोडला गेला. १८ मे रोजी युद्धात मारल्या गेलेल्या तमिळांची आठवण दक्षिणेत उघडपणे काढली गेली. जुलैत गोटाबाया देश सोडून पळाले.

'अरगलय' म्हणजे संघर्ष. या संघर्षाने एक गोष्ट दाखवली. पोटाचा, नोकरीचा, भ्रष्टाचाराचा प्रश्न पुढे आला की धर्म-वंशाची बोली लावणाऱ्यांचा बाजार बसतो. २०१९ मध्ये जेमतेम ३ टक्के मते मिळवणारे दिसानायके २०२४ मध्ये निवडून आले ते याच असंतोषातून. त्यांचा मूळ पक्ष जेव्हीपी एकेकाळी तमिळांना स्वायत्तता देण्याच्या कडव्या विरोधात होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पक्ष बदलू शकतो. पण तो खरोखर बदलला का, हे मतांवरून कळत नाही. मते मिळाल्यावर तो काय करतो, त्यावरून कळते.

मते जुळली, न्याय बाकी

इथेच गाडी अडते. तमिळ आणि मुस्लिम तरुणांना वर्षानुवर्षे खटल्याविना डांबणारा १९७९ चा दहशतवाद प्रतिबंध कायदा रद्द करण्याचे आश्वासन होते. सत्तेच्या पहिल्या वर्षात तो रद्द झाला नाही. प्रांतिक परिषदांच्या निवडणुका २०१४ नंतर झालेल्या नाहीत. बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन तमिळ आया २०१७ पासून रस्त्यावर बसल्या आहेत. २०२५ मध्ये जाफन्याजवळ चेम्मणी येथे उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे सापडले. जाफन्यातल्याच थय्यिट्टी येथे लष्कराच्या ताब्यातील लोकांच्या जमिनीवर विहार उभा राहिला आणि मूळ जमीनमालक पौर्णिमेला तिथे निदर्शने करतात. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत उत्तरेत तमिळ पक्षांनी पुन्हा मुसंडी मारली. लोकांनी विश्वास उसना दिला होता. परतफेड दिसेना, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला.

१९४५ मध्ये बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांतला फरक मांडला होता. राजकीय बहुमत मते पटवून बनते आणि मोडतेही. आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात येऊ शकतो. जातीय बहुमत जन्माने ठरते आणि त्याचे दार बाहेरच्याला कायम बंद असते. ध्रुवीकरण म्हणजे पहिल्याच्या जागी दुसरे बसवणे. त्यामुळे त्यावर मात करणे म्हणजे नेत्यांनी मंचावर गळाभेट घेणे नव्हे. बहुमत पुन्हा बदलण्याजोगे करायचे आणि जे संख्येने कधीच बहुमतात येणार नाहीत त्यांना हक्कांचे कवच द्यायचे, अशी ती दोन कामे आहेत. श्रीलंकेच्या जनतेने २०२२ ते २०२४ मध्ये पहिले काम करून दाखवले. दुसरे सरकारवर आहे आणि ते अजून उभे राहिलेले नाही. म्हणून आमचे उत्तर असे : ध्रुवीकरण मोडता येते, पण न्यायाशिवाय ते मोडलेले राहत नाही.

आपली भूमिका काय?

बोधगयेच्या महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे असावे, १९४९ चा कायदा बदलावा, अशी मागणी आपण करतो. संख्येने कमी असलेल्यांच्या श्रद्धास्थानावर बहुसंख्याकांची सत्ता नको, हे त्यामागचे तत्त्व आहे. मग थय्यिट्टीच्या जमीनमालकाच्या बाजूने बोलताना आपली जीभ अडखळायला नको. तत्त्व आपल्यापुरते वापरले तर ते तत्त्व राहत नाही, गटाचा स्वार्थ होतो.

श्रीलंकेतले किंवा म्यानमारमधले कुणी चीवरधारी मुस्लिमांविरुद्ध आग ओकतानाचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर 'बौद्धांची ताकद' म्हणून फिरतात. ते पुढे पाठवणाऱ्या तरुणाला आपण थांबवले पाहिजे. दरडावून नको, समजावून. त्याला १९५६ ची दोन चित्रे दाखवा. मळ्यातल्या दलित तमिळ मजुराची गोष्ट सांगा. आपल्या वस्तीत निवडणुकीच्या तोंडावर कुणी धर्माची बोली लावू लागला, तर शाळा, शिष्यवृत्ती, भरती आणि पाण्याचा प्रश्न घेऊन सर्व समाजांच्या लोकांसह एकत्र बसा.

वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण आपण वंदनेत ऐकतो. संविधानात तिलाच बंधुता हे नाव आहे. समता आणि न्याय सोबत असतील, तरच ती टिकते.

जय भीम! नमो बुद्धाय!